गव्हाणीतलं बेसिन

आईला सरप्राइज द्यायच्या भानगडीत पडू नये. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवानंतर एवढं तरी मला कळायला हवं होतं, पण...

तर झालं असं. मे महिन्यात आई माझ्याकडे आइंडहोवनला आली. नव्वद दिवसांचा व्हिसा, पहिल्यांदाच परदेश. ट्युलिप बघून झाले, पवनचक्क्या बघून झाल्या, माझं ऑफिस बाहेरून बघून झालं. तिसऱ्या आठवड्यात ती खिडकीत बसून समोरच्या सायकली मोजायला लागली. आता हिला कुठेतरी न्यायलाच हवं, हे माझ्या लक्षात आलं. तिचं म्हणणं होतं रोम. पण रोमला काय सगळेच जातात हो! आपण काहीतरी वेगळं करायचं, ही आम्हा आयटीवाल्यांची जुनी खोड. २०२१ च्या बाँडपटात सुरुवातीलाच एक दगडी शहर दिसतं, डोंगराच्या पोटात एकावर एक रचल्यासारखं. त्याचं नाव मातेरा. इटलीच्या बुटाच्या टाचेच्या जरा वर. तिथे म्हणे जुन्या गुहांमध्ये बुटीक हॉटेलं आहेत. झालं, ठरलं! दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं.

बुटीक हॉटेल म्हणजे काय, हे आईला समजावताना माझी पंचाईत झाली. बुटीक म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे ब्लाउज शिवणारी बाईच येणार. "म्हणजे छोटं हॉटेल गं, आठ-दहाच खोल्या, प्रत्येक खोली वेगळी."

"म्हणजे लॉज."

"नाही गं... जरा भारी."

"किती रे पैसे?"

दोन रात्रींचे तीनशे साठ युरो. मी नेहमीच्या सवयीने शंभर सांगितले. (परदेशात राहणाऱ्या सगळ्या मुलांना हा फॉर्म्युला माहीत असेल. खरा आकडा भागिले तीन किंवा साडेतीन.)

विमानाने बारीला उतरलो. मातेराला जायला तिथून नॅरो गेजची छोटी गाडी आहे. रविवारी ती धावत नाही, तिच्याऐवजी बस असते. म्हणून मुद्दाम शनिवारी निघालो होतो. दीड-दोन तास नुसती गव्हाची शेतं आणि ऑलिव्हची झाडं. मातेराचं स्टेशन एकदम चकाचक, २०१९ साली नव्याने बांधलेलं. बाहेर पडलं की साधं, नीटनेटकं शहर, दुकानं, सिग्नल. बाँड कुठे दिसेना. आणि मग एका चौकातल्या कमानीखालून गेलो आणि समोरची जमीनच संपली! खाली दरीच्या उतारावर घरंच घरं, भुरकट पिवळ्या दगडाची. एकाच्या छपरावरून दुसऱ्याच्या दारात जायचा रस्ता. या वस्त्यांना तिथे 'सास्सी' म्हणतात, म्हणजे नुसतं 'दगड'. दोन भाग आहेत, सास्सो बारिसानो आणि सास्सो कावेओसो. मधल्या उंचवट्यावर तेराव्या शतकातलं कॅथेड्रल. दरीच्या पलीकडच्या कड्यातही काळीकाळी भोकं दिसतात. त्याही गुहाच.

मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. आई म्हणाली, "बॅगा कोण उतरवणार आता?"

बॅगांसाठी हॉटेलने एक तीनचाकी पाठवली होती. ती बघून आईचा चेहरा जो काही खुलला! "अरे, ही तर ॲपे!" खरंच ॲपे होती. पियाजिओ कंपनी इटलीचीच आणि तिचा आपल्याकडचा कारखाना बारामतीला. पूर्ण ट्रिपमध्ये आईने आपणहून काढलेला पहिला फोटो हा असा, बारामतीशी नातं सांगणाऱ्या रिक्षाचा :-)

हॉटेल म्हणजे एक इमारत नव्हतीच. रिसेप्शन एका घरात, नाश्ता दुसऱ्या घरात, खोल्या गल्लीत इकडेतिकडे. इटलीत याला 'विखुरलेलं हॉटेल' म्हणतात. १९७६ साली उत्तर इटलीत फ्रिऊलीला मोठा भूकंप झाला, गावं ओस पडली, तेव्हा रिकाम्या घरांचं काय करायचं यातून ही कल्पना निघाली. नवीन काही बांधायचं नाही, आहेत तीच घरं खोल्या म्हणून वापरायची. रिसेप्शनवर पन्नाशीच्या एक बाई होत्या, इंग्रजी छान बोलणाऱ्या. त्या आम्हाला खोलीत घेऊन गेल्या.

खोली कसली, गुहाच. बाहेरून दगड रचून दर्शनी भिंत, आत डोंगर कोरत नेलेला. तळाशी मंद पिवळे दिवे, पांढरीशुभ्र चादर, खाली गरम होणारी फरशी, कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र हळू आवाजात घुर्र करतंय. सगळ्यात आत, भिंतीला लागून, दगडात खोदलेला एक लांबट हौद होता. त्यात काचेचं बेसिन बसवलेलं आणि वर तांब्याचा नळ. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. काय सिलेक्शन आहे साहेबांचं!

आई सरळ त्या बेसिनपाशी गेली. चष्मा काढून वाकली. दगडाच्या कडेवरून हात फिरवला.

"ही गव्हाण आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गव्हाण. वैरण टाकायची. ही कड बघ, मधेच गुळगुळीत झालीय. जनावराच्या गळ्याने दगड घासलाय. आणि हे भोक दिसतंय ना? दावं बांधायचं."

रिसेप्शनच्या बाईंना मी भाषांतर करून सांगितलं. त्या चाटच पडल्या. म्हणाल्या, "बरोबर! इथे खेचर बांधायचे. पाहुण्यांना आम्हाला सांगावं लागतं. तुमच्या आईला कसं कळलं?"

आता काय सांगणार? आईचं माहेर पाटण तालुक्यातलं एक छोटं गाव. मी ते पाहिलेलं नाही, म्हणजे घर पाहिलेलं नाही. मला कळायला लागायच्या आधीच ते पडलं होतं. आई शिक्षिका होऊन पुण्यात आली ती कायमची. माझ्या डोक्यात माझी आई म्हणजे कोथरूडची, स्टीलच्या डब्यांवर लेबलं लावणारी बाई.

आई एव्हाना वर बघत होती. छताच्या दगडात, बरोबर पलंगाच्या वर, गंजलेली एक लोखंडी कडी होती. हॉटेलने शोभेची म्हणून ठेवली असावी. "ही कशाची?" मी बाईंना विचारलं. त्यांनी सांगायच्या आत आई म्हणाली, "पाळण्याची." आणि तेही बरोबर निघालं. तिथे जागाच नसायची, म्हणून तान्ह्या पोराचा दोरीचा पाळणा आईबापांच्या पलंगावर टांगायचे.

बाई गेल्यावर आई पलंगाच्या कडेला बसली. मला वाटलं, आता म्हणेल किती छान शोधलंस. ती म्हणाली, "गोठ्यात राहायला आणलंस होय रे मला?"

मी हसलो. ती हसत नव्हती.

दुपारी आम्ही वीको सोलितारिओ नावाच्या गल्लीतली जुनी गुहा बघायला गेलो. लोक राहत होते तेव्हा जसं सामान होतं तसं मांडून तिचं संग्रहालय केलंय. एकच खोली. उंच पलंग, माग, चूल, मागच्या बाजूला खेचराची जागा. तिकडून कळलेलं आणि मी आधी वाचून ठेवलेलं मिळून गोष्ट साधारण अशी.

या गुहांमध्ये माणसं हजारो वर्षं राहत आली. आधी शेतकऱ्यांची, पशुपालकांची व्यवस्थित वस्ती होती. घरांखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी, ती एकमेकांना जोडलेली. मग माणसं वाढली, जमीन बड्या लोकांच्या हातात गेली, आणि जी भुयारं गुरांसाठी किंवा पाण्यासाठी होती त्यातही कुटुंबं राहायला लागली. खेचर, कोंबड्या, पोरं, सगळे एका छताखाली. मलेरिया, डोळ्यांची खुपरी, पोटाचे आजार. लहान मुलं फार मरायची. मुसोलिनीच्या राजवटीने कार्लो लेव्ही या लेखकाला १९३५ साली याच भागात हद्दपार केलं होतं. त्याची बहीण डॉक्टर होती. भावाला भेटायला येताना तिने वाटेत मातेरा पाहिलं. तिथली पोरं तिच्यामागे पैसे मागत नव्हती, क्विनाइन मागत होती. लेव्हीचं पुस्तक १९४५ ला आलं आणि देशभर गाजलं. मातेराला 'इटलीची लाज' म्हणायला लागले. १९५० साली पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः बघून गेले, आणि १९५२ ला कायदाच झाला की सास्सी रिकामी करायची.

सुमारे पंधरा हजार माणसं हलवली. माझ्या भाषेत सांगायचं तर सगळे युजर्स नव्या सिस्टीमवर आणि जुनी सिस्टीम बंद. नवीन वस्त्या बांधायला त्या काळचे नामांकित आर्किटेक्ट लावले होते. ला मार्तेल्ला नावाच्या पहिल्या वस्तीच्या नियोजनात टाइपरायटरवाल्या ऑलिव्हेट्टी कंपनीचे आद्रिआनो ऑलिव्हेट्टीही होते. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे नाव ओळखीचं, कारण याच कंपनीने पुढे १९६५ ला टेबलावर मावणारा 'प्रोग्रामा १०१' काढला. माणसांना आधी विचारून, अभ्यास करून घरं बांधायची, असा त्यांचा प्रयत्न होता. घरात नळ, संडास, आणि जनावरांची सोय वेगळी. म्हणजे रिक्वायरमेंट अगदीच चुकीची घेतली नव्हती. पण सास्सीत चार-सहा घरांचं मिळून एक अंगण असायचं, एक हौद, एक रांजण, भांडणं आणि बाळंतपणंही सामाईक. त्याला 'विचिनातो' म्हणत. ते काही नव्या वस्तीत तसं जमलं नाही.

आणि जुनं शहर? रिकामं, कुलूपबंद. १९५९ साली मातेरातल्या काही तरुण मुलांनी 'ला स्कालेत्ता' नावाचं मंडळ काढलं आणि ते या ओस पडलेल्या गुहांमधून, कड्यांमधून हिंडत गुहेतली चर्चेस शोधायला लागले. दीडशेच्या वर सापडली, भिंतीवर चित्रं असलेली. हळूहळू लोकांना वाटायला लागलं की हे नुसतं घाण नाही, हे काहीतरी मोठं आहे. १९८६ ला दुरुस्तीसाठी कायदा झाला, १९९३ ला युनेस्कोची यादी, २०१९ ला युरोपची सांस्कृतिक राजधानी. बरीचशी घरं आजही सरकारी मालकीची, नगरपालिका ती कराराने वापरायला देते. ज्या शहराची लाज वाटायची त्याच शहरात आता मी एका रात्रीचे एकशे ऐंशी युरो मोजून आईला झोपवणार होतो.

आई सगळं शांतपणे ऐकत होती. फक्त मुख्य चौकाखालचा प्रचंड हौद बघायला उतरलो तेव्हा तिने तोंड उघडलं. पालोम्बारो लुंगो म्हणतात त्याला. पन्नास लाख लिटर पाणी मावेल एवढा. पार विसरला गेला होता, १९९१ ला पुन्हा सापडला. पाणी मुरू नये म्हणून चुन्यात भाजलेल्या मातीचा चुरा घालून गिलावा केलाय. आई म्हणाली, "सुरखी." आणि गप्प झाली.

संध्याकाळी छोटे ससाणे बाहेर पडतात. मातेराच्या छपरांमध्ये त्यांची घरटी आहेत, उन्हाळ्यात शेकड्यांनी येतात. जेवायला सोललेल्या बाकल्याचं घट्ट वरण आणि कडवट पालेभाजी मिळाली. वर तळलेल्या वाळक्या लाल मिरच्या. आईने एक मोडून खाल्ली. "सांडगी मिरचीच की! फक्त तिखट करायला विसरले." मला वाटलं, चला, मूड आला जागेवर.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली तर शेजारी आई नाही. दार उघडं. ती बाहेर पायरीवर शाल घेऊन बसली होती. समोर सगळी सास्सी, पिवळ्या दिव्यांची. एखाद्या जत्रेची आरास असावी तशी.

"झोप येत नाही?"

"ते मशीन घुरघुरतंय. बंद केलं तर ओल येईल ना?"

मी शेजारी बसलो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला एक भाऊ होता. बाळूमामाच्या आधीचा. तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत कधी घरात हे नावही निघालं नव्हतं.

"सात महिन्यांचा होता. आमचं घर असंच होतं, पुढे आम्ही, मागे गोठा. मधे नुसती कमरेएवढी भिंत. पावसाळ्यात मागच्या भिंतीतून पाणी झिरपायचं. आई रोज राख टाकायची, पोती टाकायची. पाळणा आढ्याला होता. त्याला खोकला झाला. आठ दिवस. नदीला पाणी होतं, डॉक्टरकडे नेता आलं नाही. मी नऊ वर्षांची होते. पाळण्याची दोरी माझ्याच हातात असायची." ती थांबली. "पाळणा काढला, कडी तशीच राहिली. मी गाव सोडेपर्यंत रोज झोपताना दिसायची मला ती."

काय बोलायचं अशा वेळी? आपल्याला कॉलेजात काय काय शिकवतात, हे शिकवत नाहीत. मी म्हणालो, "आई, सॉरी. उद्या सकाळी दुसरं हॉटेल बघतो. वर, नव्या शहरात."

"कशाला? पैसे परत देणार आहेत का ते?"

"नाही, पण..."

"मग राहू दे. आणि शंभर युरो नाहीत ते, मला कळतं. दाराच्या मागे दर लावलेत." (!!)

मग तीच म्हणाली, "अरे, मी तिथून बाहेर पडले ते बरंच झालं. नाहीतर तू कुठला इथे! पण घर पडलं तेव्हा मामाने फोन केला होता, आणि मी शाळेच्या स्टाफरूममध्ये रडत बसले होते. कशासाठी रडत होते? त्या ओलीसाठी? मला अजून कळलेलं नाही."

सकाळी नाश्त्याला रिसेप्शनच्याच बाई होत्या. टेबलावर मातेराचा पाव होता, डोंगरासारखा मोठा, जाड कवचाचा, आतून पिवळसर. शेल्फवर लाकडाचे छोटे शिक्के मांडलेले. पूर्वी भट्टी गल्लीची सामाईक, मग आपला पाव कुठला हे कळायला प्रत्येक घर कणकेवर आपला शिक्का मारायचं. बाईंनी एक जुना शिक्का आईच्या हातात दिला. त्यांच्या आजीचा होता. त्यांचे वडील याच वस्तीत जन्मले, वरच्या गल्लीत. १९५० च्या दशकात त्यांचं कुटुंब नव्या वस्तीत गेलं. मी विचारलं, "मग आजी आल्या का कधी हे हॉटेल बघायला?"

"कधीच नाही. सोडून जाताना रडली म्हणतात. आणि नंतर कोणी विचारलं, तुम्ही कुठल्या, तर सास्सीतल्या असं कधी सांगितलं नाही. दोन मुलं इथे गेली तिची."

मी आईला मराठीत सांगितलं. दोन मुलं हे सांगताना माझा आवाज जरा अडकला. आईने मान हलवली. तो शिक्का उलटसुलट करून बघितला, पदराने पुसला आणि बाईंना दोन्ही हातांनी परत दिला. भाषा काही येत नव्हती तिला. बाईंनी तिच्या ताटात पावाचा अजून एक जाड तुकडा वाढला. आईने एरवी 'बास बास' म्हटलं असतं. तिने तो खाल्ला.

दुसरी रात्रही आम्ही त्याच खोलीत काढली. आई पलंगावर नाही झोपली. सोफा होता दारापाशी, तिथे झोपली. मी पलंगावर कडीच्या बरोबर खाली पडून छताकडे बघत होतो. आदल्या दिवशी मला ती काय मस्त 'ऑथेंटिक' वाटली होती.

निघायच्या आधी आई म्हणाली, "त्या गव्हाणीचा एक फोटो काढ, मामाला पाठवायचाय." काढला. बेसिन, तांब्याचा नळ, घासलेली कड, सगळं आलं त्यात. कडीचा काढू का, असं मी विचारलं नाही. तिनेही म्हटलं नाही. बारीच्या बसमध्ये मामाचं उत्तर आलं. "गाय कुठाय?" आई इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून बघितलं.

आता हॉटेलकडून मेल आलीय. अभिप्राय द्या, दहापैकी गुण द्या. मी आईला फोन लावला, ती आता परत कोथरूडला आहे.

"स्वच्छता?"

"दहा दे. ओलीचा वाससुद्धा नव्हता कुठे."

"कर्मचाऱ्यांची वागणूक?"

"त्या बाईंना दहा. अकरा असतील तर अकरा दे."

"पैशाच्या मानाने मोल?"

पलीकडे जरा वेळ शांतता. "ते तुझं तू बघ," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

तो रकाना अजून भरायचा राहिलाय.